उभ्या गाडीचे इंजिन धावते तेव्हा



हिमायतनगरच्या गल्ल्यांतून सकाळी पायी निघाले, तर नव्या चकचकीत मोटारींच्या रांगेत एखादी जुनी मारुती ८००, एखादी प्रीमियर पद्मिनी, क्वचित एखादी अॅम्बॅसेडर आजही उभी दिसते. पद्मिनीचे उत्पादन २००० सालाच्या सुमारास थांबले, मारुती ८०० चे जानेवारी २०१४ मध्ये आणि अॅम्बॅसेडरचे त्याच वर्षी मे महिन्यात. म्हणजे यांतील सर्वांत तरुण गाडीनेही आता दहा वर्षे ओलांडली आहेत. बहुधा या गाड्या निवृत्त माणसांच्या असतात. नवी घेण्याची ऐपत नसते किंवा इच्छा नसते. दवाखाना, बाजार, रविवारची उपासना आणि वर्षातून एखादी गावची फेरी एवढ्यासाठी जुनी गाडी पुरते.

अशा गाडीच्या मालकाकडून एक तक्रार हमखास ऐकू येते: "गाडी उभी असली तरी इंजिन रेस होते." पाय पॅडलवरून काढला, गियर न्यूट्रलमध्ये टाकला, तरी इंजिन ओरडतच राहते. मग गाडी गॅरेजात जाते, तेथे कोणी कार्बोरेटरवरचा एक स्क्रू दोन वळसे फिरवतो, आवाज खाली येतो, पैसे दिले जातात आणि आठ दिवसांत इंजिन पुन्हा पूर्ववत ओरडू लागते. किंवा याच्या उलट, सिग्नलला बंद पडू लागते.

यालाच आपल्याकडे रोग रेड्याला आणि औषध पखालीला असे म्हणतात. वाढलेले आयडलिंग हा रोग नव्हे. अंगात ताप येतो तशी ती खूण आहे. ताप उतरविण्याची गोळी देण्यापूर्वी ताप कशाने आला हे पाहावे लागते. गाडीच्या बाबतीत ते कसे पाहावे, आणि त्यातील बहुतेक तपासणी घरच्या घरी, एक पैसाही न खर्चता कशी करता येते, हे या लेखात क्रमाने पाहू.

इंजिनाची नाडी

पाय पॅडलवर नसताना इंजिन ज्या मंद गतीने फिरत राहते, तिला आयडलिंग किंवा गॅरेजच्या भाषेत "स्लो" म्हणतात. जुन्या पेट्रोल गाड्यांत, इंजिन पुरेसे तापल्यावर, ही गती मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे असते. नेमका आकडा गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत असतो.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढील सर्व तपासणी तिच्यावर उभी आहे. पेट्रोल इंजिनाची गती आपण पेट्रोलने नव्हे, हवेने ताब्यात ठेवतो. पॅडल दाबले की कार्बोरेटरच्या गळ्यातील एक पितळी चकती, म्हणजे थ्रॉटल, उघडते आणि हवा आत शिरते. तिच्यामागोमाग पेट्रोल येते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. पॅडल सोडले की चकती जवळजवळ मिटते आणि केसभर फटीतून जेवढी हवा जाईल तेवढ्यावर इंजिन जगते.

तेव्हा पाय काढल्यावरही इंजिन जोराने फिरत असेल, तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ एकच: त्यास नेमून दिलेल्यापेक्षा जास्त हवा मिळते आहे. ती कोठून येते? हा एक प्रश्न मनात धरून शोध घ्यावा. एखादे कारण याबाहेरचे असते, तेही पुढे येईल.

रोग नसतो तेव्हा

थंड इंजिन प्रथम थोडे जलद फिरावे अशीच त्याची रचना असते. चोकचे बटण ओढले की थ्रॉटलही किंचित उघडतो, म्हणून गती १२०० ते १५०० पर्यंत जाते. हैदराबादच्या डिसेंबरातल्या सकाळी यास पाच-सात मिनिटे लागतील, मे महिन्यात एक-दोनच. तसेच एसी लावला की त्याचा भार पेलावा म्हणून काही गाड्यांत गती आपोआप थोडी वाढविली जाते. मारुती ८०० च्या एसी गाड्यांत यासाठी एक स्वतंत्र यंत्रणा आहे. एसी बंद केल्यावर गती खाली आली, तर काळजीचे कारण नाही.

मारुती ८०० च्या डॅशबोर्डवर सहसा फेरे दाखविणारा काटा नसतो, पद्मिनीतही नसतो. मग ओळखावे कसे? सिग्नलला गियर काढताच इंजिनाचा सूर चढतो. पहिल्या गियरमध्ये क्लच सोडताना गाडी चालू लागण्याऐवजी उडी मारते. उतारावर पाय काढला तरी गाडी ओढ धरीत नाही. आणि कधी कधी किल्ली बंद केल्यावरही इंजिन काही क्षण धडधडत राहते. यांपैकी दोन खुणा दिसल्या तर तपासणीस हात घालावा. नेमका आकडा हवा असेल तर फेरे मोजण्याचे यंत्र कोणत्याही चांगल्या गॅरेजात असते.

दुर्लक्ष केल्यास काय होते?

पहिले नुकसान पेट्रोलचे. लहान गाडी नुसती उभी राहूनही तासाला सुमारे अर्धा लिटर पेट्रोल पिते. गती वाढली की हा आकडाही वाढतो. लिबर्टी आणि नारायणगुडा येथील चौकांत दिवसाकाठी किती मिनिटे जातात याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. दुसरे नुकसान ब्रेक व क्लचचे. पाय काढल्यावर इंजिन स्वतः गाडीस रोखते, तो आधार नाहीसा होतो आणि सर्व भार ब्रेकवर येतो. तिसरे, उन्हाळ्यात रहदारीत इंजिन लवकर तापते.

पण सर्वांत मोठा धोका माणसाचा आहे. अपार्टमेंटच्या तळघरात, ज्याला येथे सेलर म्हणतात, गाडी मागे घेताना ती अपेक्षेपेक्षा जोराने सरकली, तर भिंत किंवा खेळणारे मूल यांच्यात अंतर थोडेच असते. साठी-सत्तरीच्या चालकाचा पाय तेवढ्या चपळाईने ब्रेकवर जाईलच असे नाही. त्याच तळघरात धुराचाही धोका आहे. त्याविषयी पुढे स्वतंत्र लिहिले आहे.

तपासणीपूर्वी

गाडी उघड्यावर, सपाट जागी उभी करावी. हँडब्रेक ओढावा, गियर न्यूट्रलमध्ये ठेवावा. साडीचा पदर, ओढणी, सैल बाह्या, गळ्यातील साखळी ही सर्व पंख्यापासून व पट्ट्यापासून दूर असावीत. मारुतीचा रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो आणि तो न सांगता सुरू होतो, हे विसरू नये. जवळ विडी-सिगारेट नको. इंजिन दहा मिनिटे चालवून तापू द्यावे, कारण थंड इंजिनाची तपासणी फसवी ठरते. स्क्रूला अद्याप हात लावू नये.

पहिली पायरी: पॅडल आणि केबल

सर्वांत साधे कारण पुष्कळदा पायाखालीच असते. पायपुसणे सरकून पॅडलखाली अडकलेले असते. ते काढून पाहावे.

नंतर इंजिन बंद ठेवून एकाने पॅडल दाबावे व सोडावे, दुसऱ्याने बॉनेट उघडून कार्बोरेटरवरील थ्रॉटलचा दांडा पाहावा. पाय सोडताच दांडा टक्कन मागे येऊन आपल्या थांब्याला टेकला पाहिजे. रेंगाळत असेल, मध्येच थांबत असेल, तर केबल आतून कोरडी पडली आहे, गंजली आहे किंवा स्प्रिंग सैल झाली आहे. पावसाळ्यानंतर हा दोष विशेष आढळतो. आता इंजिन सुरू करून केबल दांड्यापासून सोडवावी. गती खाली आली तर दोष केबलचाच, शोध येथेच संपला. केबल ही स्वस्त वस्तू आहे. तुटलेल्या स्प्रिंगच्या जागी रबर किंवा तार बांधून काम भागविणे मात्र जिवावर बेतू शकते. थ्रॉटल उघडाच अडकला तर गाडी आवरत नाही.

दुसरी पायरी: चोक आणि पाणी

चोकचे बटण पूर्ण आत गेले आहे ना? बटण आत गेले तरी केबलच्या दुसऱ्या टोकाचा दांडा पूर्ण मागे येतोच असे नाही. तेथे जाऊन डोळ्यांनी पाहावे, बोटाने हलवून पाहावे.

काही कार्बोरेटरमध्ये चोक आपोआप चालतो. इंजिनाच्या गरम पाण्याने एक मेणाची कुपी फुगते आणि गती खाली आणते. रेडिएटरमधील पाणी कमी झाले तर ती कुपी तापत नाही आणि इंजिन अजून थंडच आहे असे समजून यंत्रणा गती चढीच ठेवते. इंजेक्शनच्या गाड्यांत हेच काम पाण्याचे तापमान मोजणारा सेन्सर करतो. म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडून पाणी पाहावे. गरम इंजिनावर झाकण कधीही उघडू नये, तोंड भाजते.

येथे आणखी एक गोष्ट सांगणे जरूर आहे. उष्ण प्रदेशातील गाडीला थर्मोस्टॅट कशाला, असे म्हणून तो काढून टाकण्याची रीत बऱ्याच गॅरेजांत आहे. थर्मोस्टॅट नसला की इंजिनास योग्य तापमान गाठण्यास फार वेळ लागतो, हिवाळ्यात तर ते गाठतच नाही. गती चढी राहते, पेट्रोल जास्त जाते आणि इंजिनाची झीज होते. आपल्या गाडीत तो आहे की नाही, हे मेस्त्रीला जरूर विचारावे.

तिसरी पायरी: चोरवाटेने शिरणारी हवा

वरील दोन्ही ठीक असतील तर आता खरा शोध सुरू होतो. आयडलिंगच्या वेळी थ्रॉटलच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूस, मोठी पोकळी असते. तेथील दाब बाहेरच्या हवेच्या साधारण एकतृतीयांश असतो. म्हणून त्या बाजूस कोठेही चीर पडली की बाहेरची हवा जोराने आत ओढली जाते.

त्या बाजूला अनेक रबरी नळ्या जोडलेल्या असतात. ब्रेक बूस्टरकडे जाणारी जाड नळी, डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी बारीक नळी, इंजिनातील वाफा पुन्हा आत ओढणारी नळी आणि एसीच्या यंत्रणेची नळी. याशिवाय कार्बोरेटरच्या बुडाचे पॅकिंग आणि मॅनिफोल्डचे पॅकिंग. पंधरा-वीस उन्हाळे इंजिनाच्या उष्णतेत काढलेले रबर टणक होते आणि टोकाशी तडकते. वरून नळी धड दिसते. टोक काढून वाकविले की चिरा दिसतात.

शोधण्याची रीत अशी. इंजिन चालू ठेवून प्रथम कान द्यावा. सापाच्या फुत्काराप्रमाणे बारीक "स्स्स" आवाज येतो का? हातभर लांब प्लास्टिकची नळी कानाशी धरून दुसरे टोक एकेका सांध्याजवळ फिरवावे, डॉक्टर छाती तपासतो तसे. मग एकेक बारीक नळी पक्कडीला फडके गुंडाळून हलकेच दाबावी. जी दाबताच गती खाली येते, तिच्यात किंवा तिच्या पुढील भागात दोष आहे.

पॅकिंगच्या जागी रोपांवर फवारण्याच्या बाटलीने पाण्याचा बारीक फवारा मारावा. गळती असेल तेथे पाणी क्षणभर फट बुजविते आणि इंजिनाचा सूर बदलतो. डिस्ट्रिब्युटर, कॉइल व प्लगच्या तारांवर पाणी उडू देऊ नये. काहीजण याच कामासाठी पेट्रोल किंवा कार्बोरेटर धुण्याचा स्प्रे मारतात. तापलेल्या इंजिनावर तो अग्नीशी खेळ आहे. घरी मुळीच करू नये.

ब्रेक बूस्टर असल्यास वेगळी परीक्षा घ्यावी. इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबावा, मग पाय दाबून ठेवून इंजिन सुरू करावे. पॅडल थोडे खाली गेले पाहिजे. न गेल्यास, किंवा ब्रेक दाबताना इंजिनाची गती बदलत असल्यास, बूस्टर वा त्याच्या नळीत दोष आहे. ती गाडी दुरुस्तीपूर्वी रस्त्यावर नेऊ नये.

एक सूक्ष्म भेद लक्षात असू द्या. कार्बोरेटरच्या गाडीत लहान गळतीने मिश्रण विरळ होते, त्यामुळे इंजिन कधी जलद तर कधी अडखळत चालते. मारुती ८०० ला २००० सालापासून इंजेक्शनची यंत्रणा आली. तिच्यात मॅनिफोल्डचा दाब मोजून संगणक पेट्रोल ठरवितो. जास्तीची हवा आली की तो इमानाने जास्तीचे पेट्रोलही देतो. म्हणून तेथे गळती असूनही इंजिन सुरळीत, पण जलद चालते. सुरळीत चालते म्हणजे नळ्या ठीक आहेत, असा समज करून घेऊ नये.

उसाचे पेट्रोल आणि जुने रबर

आपल्या शेतकरी वाचकांना या विषयात विशेष रस वाटेल. ऊस, मका आणि तुकडा तांदूळ यांपासून बनणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळले जाते. २०२२ साली हे प्रमाण देशभर सरासरी दहा टक्क्यांवर गेले आणि २०२५ साली वीस टक्क्यांवर. ऊस उत्पादकाच्या हाती त्यातून पैसा येतो, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु वीस टक्के मिश्रणास टिकतील असे रबरी भाग साधारणपणे २०२३ नंतरच्या गाड्यांत आहेत. १९९५ च्या मारुतीतील किंवा त्याहून जुन्या पद्मिनीतील पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा पडदा, पॅकिंग हे सर्व त्या काळच्या पेट्रोलासाठी बनले होते. इथेनॉलने असे रबर फुगते, मऊ पडते, नंतर टणक होऊन तडकते. हे भाग महाग नसतात. ते एकदा सगळे बदलून घ्यावेत.

इथेनॉल हवेतील ओलावाही ओढून घेते. गाडी महिनोन्महिने उभी राहिली, विशेषतः पावसाळ्यात, तर टाकीत पाणी जमू शकते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी गाडी काही किलोमीटर फिरवावी.

सुटे भाग सिकंदराबादच्या राणीगंज बाजारात मिळतात. जाताना जुना तुकडा सोबत न्यावा. पेट्रोलची नळी, पोकळीची नळी आणि ब्रेक बूस्टरची नळी या तीन निरनिराळ्या वस्तू आहेत. एकीच्या जागी दुसरी, किंवा बागेच्या पाण्याची नळी, चालत नाही. बूस्टरला पातळ नळी लावली तर ती आतल्या आत मिटते आणि ब्रेक कठीण होतो.

चौथी पायरी: झीज आणि ठिणगी

थ्रॉटलची चकती ज्या दांड्यावर फिरते तो वर्षानुवर्षे घासून सैल होतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी हवा शिरते. दांडा बोटांत धरून वर-खाली हलवावा. खडखड हलत असेल तर बुश बसविण्याचे काम कार्बोरेटरच्या जाणकाराकडे द्यावे. चकतीच्या कडेस साचलेला काजळीचा थरही तिला नीट मिटू देत नाही. तो साफ करता येतो.

हवेबाहेरचे कारण म्हणजे इग्निशनचे टायमिंग. ठिणगी नेमलेल्या क्षणापेक्षा लवकर पडू लागली की आयडलिंग चढते. पॉइंट बदलले, डिस्ट्रिब्युटर फिरवला आणि टायमिंग पुन्हा लावले नाही, की हा दोष राहून जातो. डिस्ट्रिब्युटरमधील वजने गंजून अडकली तर गती चढल्यावर लवकर उतरत नाही. हे काम टायमिंग लाइट असलेल्या मेस्त्रीचे आहे. "गॅरेजातून आल्यापासून रेस होते" अशी तक्रार असेल, तर प्रथम याच जागी संशय घ्यावा.

इंजेक्शनच्या गाडीत आयडलिंगची हवा मोजून सोडणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. काजळीने तो उघडा अडकतो. तो व थ्रॉटलची जागा स्वच्छ केल्याने पुष्कळ गाड्या सुधारतात. डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागला असेल तर आधी स्कॅनर लावून घ्यावा. अशा गाडीत थांब्याचा स्क्रू फिरवू नये, संगणकाचा हिशेब बिघडतो.

शेवटची पायरी: स्क्रू

आता, आणि आताच, स्क्रूची पाळी. कार्बोरेटरवर दोन स्क्रू असतात. एक गतीचा, दुसरा मिश्रणाचा. प्रथम ते आता कोठे आहेत हे वहीत लिहावे: हलक्या हाताने आत फिरवून किती वळशांनी टेकतो ते मोजावे व पुन्हा तेथेच आणावा. जोराने आवळल्यास मिश्रणाच्या स्क्रूचे सुईसारखे टोक कायमचे बिघडते.

एअर फिल्टर जागेवर, दिवे व एसी बंद, पंखा थांबलेला, इंजिन गरम. गतीचा स्क्रू पुस्तिकेतील आकड्यावर आणावा. मग मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव वळसा फिरवून इंजिन जेथे सर्वांत जलद व सर्वांत सुरळीत चालते ती जागा शोधावी. गती वाढली असेल तर गतीच्या स्क्रूने पुन्हा खाली आणावी. असे दोन-तीनदा करावे. हैदराबाद समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून उंच आहे, हवा थोडी विरळ आहे, म्हणून मुंबईत लावलेली गाडी येथे एकदा पुन्हा लावून घेणे बरे.

आणि ही कसोटी सर्वांनी ध्यानात ठेवावी: गतीचा स्क्रू पूर्ण मागे घेतला, तो दांड्याला टेकतही नाही, आणि तरीही इंजिन रेस होते, तर दोष स्क्रूत नाहीच. हवा अन्य वाटेने येते आहे किंवा टायमिंग चुकले आहे. मागच्या पायऱ्यांवर परत जावे.

शेवटी प्रदूषण तपासणीच्या यंत्रावर गाडी लावावी. ही तपासणी आयडलिंगवरच होते. नियमानुसार भारत स्टेज दोनच्या पूर्वीच्या पेट्रोल मोटारींच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांपर्यंत चालतो, नंतरच्या भारत स्टेज दोन, तीनच्या गाड्यांत अर्धाच टक्का. आकडा पाहून मिश्रण बरोबर लागले की नाही हे कळते. नुसते प्रमाणपत्र खिशात घालून येऊ नये, त्यावरील आकडे वाचावेत.

तळघरातील अदृश्य शत्रू

हे तीन टक्के म्हणजे काय ते आता पाहू. १९९५ च्या एप्रिलपासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल मोटारींना धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. हैदराबाद त्या चार शहरांत नव्हते. त्यामुळे आपल्याकडील बऱ्याच जुन्या गाड्यांत तो नाहीच.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने त्याला धरून ठेवते. श्वास चालू असतो, पण शरीराला प्राणवायू मिळत नाही. हवेत त्याचे प्रमाण ०.१६ टक्के झाले, तर वीस मिनिटांत डोके दुखू लागते, चक्कर येते, मळमळते, आणि एक-दोन तासांत मृत्यू ओढवू शकतो. ज्या गाडीच्या धुरात तीन टक्के आहे, ती बंद गॅरेजात जोरात फिरत राहिली तर काय होईल, हे निराळे सांगावयास नको.

म्हणून वरीलपैकी एकही तपासणी सेलरमध्ये किंवा शटर लावलेल्या गॅरेजात करू नये. शटर अर्धे उघडे ठेवणे पुरेसे नाही. सकाळी गाडी सुरू करून "तापू दे" म्हणून तळघरात सोडून वर चहा प्यावयास जाऊ नये. वॉचमनचे कुटुंब पुष्कळदा त्याच तळघरात राहते, त्यांची लहान मुले तेथेच निजतात. एसी लावून उभ्या गाडीत झोपू नये. सायलेन्सरला भोक पडले असेल किंवा गाडीचा तळ गंजला असेल तर धूर आतही येतो.

गाडीजवळ काम करताना डोके जड झाले, उलटीची भावना झाली, तर पित्त म्हणून सोडून देऊ नये. ताबडतोब मोकळ्या हवेत यावे. माणूस गुंगलेला असेल तर १०८ वर फोन करून रुग्णालयात न्यावे व गाडीच्या धुराचा उल्लेख डॉक्टरांना आवर्जून करावा. उपचार प्राणवायूचा आहे. कोविडच्या काळात घरोघरी आलेले बोटाला लावण्याचे ऑक्सिमीटर येथे फसविते. कार्बन मोनॉक्साइड धरलेले रक्तही त्याला प्राणवायूने भरलेले वाटते आणि आकडा चांगला दाखवितो. त्यावर विसंबू नये.

शेतावरील लहान इंजिन

फवारणीचे पाठीवरील पंप व तण काढण्याची लहान यंत्रे यांनाही हाच न्याय लागू आहे. टू-स्ट्रोक इंजिनात तर वंगणाचे तेल पेट्रोलमधूनच जाते. तेथे पॅकिंगमधून हवा शिरली की पेट्रोलबरोबर तेलही कमी पडते, इंजिन जोरात फिरते, तापते आणि पिस्टन धरून बसतो. असे यंत्र एकाएकी "छान पळू" लागले तर आनंद मानू नये, बंद करावे.

कापून गाडीत ठेवा

थंडीतच रेस, तापल्यावर ठीक: बहुधा दोष नाही. फार वेळ लागत असेल तर चोक, पाणी, थर्मोस्टॅट पाहा.

तापल्यावरही कायम रेस: केबल, मग नळ्या व पॅकिंग.

ब्रेक दाबताच गती बदलते: बूस्टर व त्याची नळी. गाडी रस्त्यावर नेऊ नका.

गती चढते, उतरते, पुन्हा चढते: हवेची गळती, किंवा इंजेक्शनच्या गाडीत आयडलिंगचा व्हॉल्व्ह.

पॅडलला बोटाने वर उचलताच गती उतरते: केबल किंवा स्प्रिंग.

दुरुस्तीनंतर लगेच सुरू झाले: टायमिंग, किंवा निघून राहिलेली एखादी नळी.

गॅरेजात गेल्यावर उस्तादांना "स्लो कमी करा" असे सांगू नये, कारण मग ते स्क्रूच फिरवतील. "गरम झाल्यावर रेस होते, केबल सोडवून पाहिली, चोक पूर्ण आत आहे, हवा कोठून येते ते शोधा," असे सांगावे. चांगल्या कारागिरास अशा मालकाचा राग येत नाही, त्याचे अर्धे काम झालेले असते. आणि तपासणीला बसण्यापूर्वी गाडी आधी तळघरातून बाहेर, उघड्यावर आणावी.